लॉजमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा टोस्ट कसा द्यायचा

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या लॉजमध्ये एक काम कुणाकडे तरी येतं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा टोस्ट, म्हणजे त्याच्या नावाने दोन शब्द बोलून सगळ्यांनी ग्लास उचलायचे. मी मूळ सातारचा, आता बरीच वर्षं व्हर्जिनियात आहे, आणि हे काम माझ्याकडे आत्तापर्यंत तीनदा आलंय. पहिल्या वर्षी मी लांबलचक भाषण केलं आणि ऐंशीच्या पुढचे ब्रदर हातात भरलेला ग्लास धरून तेवढा वेळ उभे राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लॉज म्हणजे फ्रीमेसन किंवा नुसतं मेसन म्हणतात त्या जुन्या बंधुसंघटनेच्या लोकांची स्थानिक शाखा, तिचे सदस्य एकमेकांना ब्रदर म्हणतात. आपल्याकडे मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन्स हॉल आहे तो यांचाच, आणि भारतीयांना आत घेता यावं म्हणून रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया नावाचं लॉज मुंबईत १८४३ सालीच निघालं होतं. वॉशिंग्टन २० वर्षांचा असताना, ४ नोव्हेंबर १७५२ ला फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये मेसन झाला, आणि १७८८ मध्ये अलेक्झांड्रियाच्या लॉजला व्हर्जिनियाची सनद मिळाली तेव्हा मास्टर म्हणजे लॉजचा प्रमुख म्हणून त्याचं नाव होतं. म्हणून इथल्या लॉजना तो पहिला राष्ट्राध्यक्ष तर वाटतोच पण त्याआधी आपला ब्रदर वाटतो. अलेक्झांड्रियात किंग स्ट्रीट मेट्रो स्टेशनला उतरलात की समोर टेकडीवर ३३३ फुटी मनोरा दिसतो, ते मेसन लोकांनीच वर्गणी काढून बांधलेलं त्याचं स्मारक. टोस्टमध्ये काही गुप्त बिप्त नसतं, जेवणाला बायकामुलं पाहुणे सगळे असतात, त्यामुळे निवांत वाचा.

आधी तारीख ठरवा. हे सोपं वाटतं पण नाही. वॉशिंग्टन जन्मला तेव्हा इंग्रजांच्या मुलखात जुनं कॅलेंडर चालायचं आणि नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तेव्हाच्या हिशोबाने जन्मतारीख ११ फेब्रुवारी १७३१. मग १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, ११ दिवस गाळले, आणि तीच तारीख २२ फेब्रुवारी १७३२ झाली. आणि सरकारी सुट्टी १९७१ पासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते, जो १५ ते २१ मध्येच येतो, म्हणजे सुट्टी कधीच खऱ्या वाढदिवशी पडत नाही! आपल्याकडे शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद ज्याने बघितलाय त्याला हे लगेच कळेल. आम्ही २२ तारीख धरतो, आणि ती आठवड्याच्या मधे आली तर त्याच्या आधीचा शनिवार. जे ठरेल ते डिसेंबरातच मास्टरकडून पक्कं करून घ्या कारण हॉल मिळत नाही.

मग पेयाचं बघा. पहिले तुमच्या राज्याच्या ग्रँड लॉजचा, म्हणजे राज्यातल्या सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेचा, आणि तुमच्या हॉलचा दारूबद्दल नियम काय आहे ते सेक्रेटरीला विचारा, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि हे गृहीत धरून चालत नाही. परवानगी असेल तर मदेरा आणा. वॉशिंग्टनची आवडती वाईन हीच, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून पिंपंच्या पिंपं यायची त्याच्याकडे. टोस्टला माणशी ६० मिली पुरे, म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत १२ जण, ४० माणसांना चार बाटल्या आणल्या की थोडी उरतेच. आणि तेवढाच द्राक्षाचा रस किंवा सफरचंदाचा बिनदारूचा सायडर पण ठेवा, तोही त्याच ग्लासात आणि त्याच ट्रेमध्ये. न पिणाऱ्याला वेगळा प्लास्टिकचा कप दिला की तो माणूस टोस्टच्या बाहेर पडल्यासारखा होतो, हे मी स्वतः अनुभवलंय कारण मी पीत नाही.

ग्लासांबद्दल एक. जुन्या मेसन पद्धतीत टोस्टचे ग्लास जाड बुडाचे असतात, प्यायल्यावर सगळ्यांनी एकदम टेबलावर आपटायचे, बंदुकीच्या बारासारखा आवाज यावा म्हणून. तसे ग्लास असतील तरच आपटा. एकदा आमच्याकडे नेहमीच्या पातळ वाईन ग्लासांवर हा प्रयोग झाला आणि एका पाहुण्याचा हात कापला, तेव्हापासून जाड ग्लास नसले तर आम्ही तळहाताने टेबलावर तीन थाप देतो आणि आवाज तितकाच छान येतो.

आता मुख्य काम, टोस्ट लिहिणं. इथे वेळ घालवा. माझं स्पष्ट मत आहे की टोस्टमध्ये एकच प्रसंग घ्यायचा आणि तो खरा पाहिजे. चेरीचं झाड कापलं आणि बाबांना खरं सांगितलं ही गोष्ट घेऊ नका, ती त्याच्या एका चरित्रकाराने त्याच्या मृत्यूनंतर घातलेली आहे. लाकडी दातही नव्हते, हस्तिदंत, धातू आणि माणसांचे दात वापरून केलेली कवळी होती. आणि तो दर महिन्याला लॉजमध्ये यायचा असंही म्हणू नका, बैठकांना त्याची हजेरी खरं तर कमीच होती. खरे प्रसंग काय कमी आहेत का! १८ सप्टेंबर १७९३ ला त्याने मेसनचा ॲप्रन बांधून कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीची, कोनशिला बसवली, तेव्हाची थापी अलेक्झांड्रियाच्या लॉजने अजून जपून ठेवलीय. किंवा १७८३ चा मार्च महिना, त्याच्याच सैन्यातले पगार थकलेले अधिकारी बंडाच्या विचारात होते आणि त्यांच्यासमोर पत्र वाचताना त्याने खिशातून चष्मा काढला आणि म्हणाला की तुमच्या सेवेत केस पिकले, आता दिसेनासंही व्हायला लागलंय, आणि ती माणसं रडली.

मला सगळ्यात आवडतो तो त्याच वर्षीचा डिसेंबर. इंग्रजांविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई जिंकलेली, सैन्य हातात, मनात आणलं असतं तर राजा होता आलं असतं, आणि हा माणूस ॲनापोलिसला गेला आणि २३ तारखेला काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, सेनापतीपद परत देऊन घरी शेतावर निघून गेला. आदल्या दिवशीच्या मेजवानीत १३ राज्यांचे म्हणून १३ टोस्ट झाले, आणि मग त्याने स्वतः एक दिला, काँग्रेसला देश चालवण्यापुरते पुरेसे अधिकार मिळोत असा. टोस्ट देणाऱ्याला याच्याहून चांगला नमुना कुठे मिळणार, एका ओळीत सगळं आलं.

एक गोष्ट टाळू नका. १७९९ मध्ये तो गेला तेव्हा माउंट व्हर्नन या त्याच्या शेतावर ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या मालकीचे, आणि त्यांना मोकळं करा असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं पण तेही बायकोच्या पश्चात. (तिने नंतर १ जानेवारी १८०१ लाच मोकळं केलं.) आमच्या जेवणाला प्रिन्स हॉल परंपरेतले, म्हणजे आफ्रिकन अमेरिकन लॉजचे ब्रदर येतात, त्यांच्यासमोर ‘स्वातंत्र्याचा देवदूत’ वगैरे शब्द मी तरी वापरू शकत नाही. देव न करता माणूस म्हणून मान द्या, तो मान जास्त टिकतो. आणि आजचं राजकारण अजिबात नको, लॉजमध्ये पक्ष आणि धर्म यावर वाद घालायचा नाही हा जुना नियम आहे, म्हणून आत्ताच्या नेत्यांशी तुलना कितीही सुचली तरी खोडून टाका.

लांबी दीड मिनिट. घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावा. शेवटची ओळ छोटी ठेवा कारण ती सगळ्यांना एकसाथ परत म्हणायची असते. माझा गेल्या वर्षीचा मराठीत सांगायचा तर साधारण असा होता, ‘ब्रदर्स आणि पाहुणे मंडळी, ज्याच्या हातात सगळं होतं आणि ज्याने ते सगळं परत दिलं, त्या माणसाचा आज वाढदिवस. आपल्यालाही कधीतरी खुर्ची सोडायची वेळ येईल तेव्हा त्याची आठवण राहो. ब्रदर जॉर्ज वॉशिंग्टन!’ आणि आधी ॲनापोलिसची गोष्ट चार वाक्यात, बस.

प्रत्यक्ष दिवशी क्रम असा ठेवा. जेवण होऊन गोड वाढायच्या आधी टोस्ट सुरू करायचे. पहिला देशाचा, मग ग्रँड मास्टरचा, मग वॉशिंग्टनचा, आणि शेवटी जे ब्रदर आज इथे नाहीत, प्रवासात आहेत, आजारी आहेत त्यांचा, तो टायलर देतो, टायलर म्हणजे लॉजच्या दाराबाहेर राखण करणारा ब्रदर. तुमची पाळी यायच्या आधी स्टुअर्ड लोकांनी सगळे ग्लास भरलेत ना हे डोळ्याने बघा, एक जरी रिकामा असला तरी थांबा. मग मास्टरकडे बघून परवानगी घ्या, गोष्ट सगळे बसलेले असतानाच सांगा, आणि फक्त शेवटच्या दोन वाक्यांना सगळ्यांना उभं करा. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसून ग्लास उचलला तरी चालतं हे आधीच मोठ्याने सांगून टाका म्हणजे कुणाला संकोच वाटत नाही. नाव घ्या, सगळे नाव म्हणतील, घोट घ्या, थाप, आणि खाली बसा. जिवंत माणसाच्या टोस्टला तो उठून उत्तर देतो, इथे उत्तर द्यायला कुणी नसतं, त्यामुळे तिथे एक छोटी शांतता होते, ती भरायला जाऊ नका, मास्टर पुढचं सुरू करेल.

घरी जायच्या आधी यंदा कोणता प्रसंग सांगितला ते सेक्रेटरीच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वर्षीच्या माणसाला तोच परत सांगावा लागत नाही. आणि उरलेली मदेरा फेकू नका, बूच घट्ट लावून ठेवली तर उघडलेली बाटली कित्येक आठवडे चांगली राहते.