केळीच्या सोपटाच्या वस्तू आणि घरबसल्या दुकान: नवख्यांसाठी

रावेर, यावल, चोपडा, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यात कच्चा माल शोधत फिरावे लागत नाही. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की खोड उरते, आणि बाग मोडताना त्याचे ढीग बांधाला सडत पडतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण खोडाचे करायचे काय हा प्रश्न बहुतेक शेतांत तसाच आहे. म्हणून सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांच्या, वस्तू करायच्या म्हटले की पहिला हिशोब असा होतो: माल फुकट, मग नुकसान कसले? नुकसान वाळवण्यात, साठवण्यात आणि पाठवण्यात होते. विणकाम महिना-दोन महिन्यांत हाताला बसते. दुकान बुडते ते या तीन जागी.

आधी एक फरक ध्यानात घ्या. खोडापासून दोन वेगळे माल निघतात. एक म्हणजे यंत्रातून काढलेला धागा, रेशमासारखा चकाकणारा. त्याला यंत्र लागते, वीज लागते आणि खोड ताजे असतानाच ते चालवावे लागते. त्या वाटेने जायचे असेल तर नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या वापरावर बरेच काम केले आहे, आणि नंदुरबारकडून नवसारी काही फार लांब नाही. दुसरा माल म्हणजे सोपट, खोडाचे एकावर एक बसलेले पापुद्रे. ते सोलून, वाळवून, वेणी घालून शिवायचे. कर्नाटकात हंपीजवळच्या आनेगुंदीत केळीच्या अशाच मालावर बायकांनी चांगले काम उभे केले आहे. घरून सुरुवात करणाऱ्याने सोपटच धरावे. पहिली गुंतवणूक म्हणजे चांगले पाते, नायलॉनची दोरी, दाभण, सुती दोरा आणि वजनकाटा.

खोड मागायला जाल तेव्हा शेतकऱ्याला आधी विचारा की पिलबाग, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलांवर पुढचे पीक, ठेवणार आहे का. ठेवणार असेल तर तो खोड मुळाशी कापू देणार नाही, कारण उभ्या खोडातले अन्नपाणी पिलाला मिळते. बाग मोडणार असेल तर तो उलट खूश होईल. त्याच्या मजुरांच्या पाठोपाठ जा आणि घड उतरल्यावर दोन दिवसांच्या आत सोपटे सोला. नंतर चीक काळा पडतो आणि पापुद्रे एकमेकांना चिकटून फाटतात. जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचा डाग जात नाही हे खान्देशात कुणाला नव्याने सांगायला नको.

बाहेरची दोन-तीन सोपटे फाटकी आणि मातीने भरलेली असतात, ती तिथेच टाका. मधली घ्या. अगदी आतली पांढरी सोपटे मोहात पाडतात, पण वाळल्यावर ती कागदासारखी होतात आणि वेणी ओढताच तुटतात. खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. त्यामुळे सोपटाची कापलेली पाच-सहा सेंटिमीटर रुंदीची ओली पट्टी वाळून दोन सेंटिमीटरवर येते, लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. पट्टी लांब ठेवा, सांधे कमी येतील.

वाळवताना सगळ्यात जास्त माल लोखंडाने खराब होतो. सोपटातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग उठतो, आणि तो सहजी जात नाही. विळ्याऐवजी स्टीलचे पाते वापरा. तारेवर टांगू नका, नायलॉनच्या दोरीवर टांगा. जमिनीवर किंवा पत्र्यावर पसरले तर खालची बाजू घामेजून काळी पडते. थेट उन्हात माल फिक्या बदामी रंगाचा होतो, सावलीत तपकिरी राहतो. दोन्ही चालतात, पण एका वस्तूत दोन्ही मिसळू नका; फोटोत ते डागासारखे दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात तीन-चार दिवस पुरतात. शेवटचा दिवस सावलीतच काढा, नाहीतर जळगाव-भुसावळचे ऊन पट्टी इतकी कडक करते की ती दुमडताच मोडते. डिसेंबरात आठवडा धरा. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवणाचा घाट घालूच नका.

आता गंमत अशी की ऑनलाइन मागणी वाढते ती राखीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे नेमकी ओल असते तेव्हा. म्हणून वर्षाची आखणी उलटी करावी लागते. फेब्रुवारी ते मे या काळात सोपटे वाळवून त्यांच्या वेण्या घालून गुंडे करून ठेवायचे, आणि पावसाळ्यात घरात बसून फक्त शिवायचे. गुंडे पत्र्याच्या कोठीत ठेवा, पण आतून सुती कापड लावून, कारण पत्रा गंजला की पुन्हा तोच काळा डाग. झाकण लावण्याआधी माल पूर्ण वाळला का ते तपासा. एक गुंडा पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत बांधून तासभर उन्हात ठेवा. पिशवीच्या आतून बाष्प धरले तर माल ओला आहे. दुसरी खूण वजनाची: आज आणि उद्या त्याच वेळी वजन करा, फरक पडला नाही तर झाले. ओला माल कोंडला तर काही दिवसांतच बुरशी येते. वरून पुसली तरी कुबट वास राहतो, आणि पहिली तक्रार वासाचीच येते.

वेणी घालण्याआधी पट्ट्यांवर पाणी शिंपडून त्या ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा. भिजत घालू नका, फुगतात. पट्टी बोटाभोवती गुंडाळून पाहा. चीर गेली तर अजून थोडे पाणी. तीन पेडांची साधी वेणी पुरते. कौशल्य जाडीत आहे: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सेंटिमीटर. नवी पट्टी जोडताना जुन्या टोकावर चार-पाच सेंटिमीटर चढवा, आणि तिन्ही पेडांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नका, तिथेच वेणी सुटते.

किती वेणी लागेल याचा हिशोब अंदाजाने करू नका. गोल वस्तूसाठी त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४, भागिले वेणीची रुंदी, सगळे सेंटिमीटरमध्ये. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चहाच्या पेल्याखालच्या चकतीला ७८ सेंटिमीटर येते, म्हणजे मीटरभर घ्या. ताटाखालच्या ३३ सेंटिमीटरच्या गोल चटईला साडेआठ मीटर येते, साडेनऊ घ्या. २५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि २० सेंटिमीटर उंचीच्या टोपलीला तळाला पाच मीटर आणि भिंतीला जवळजवळ सोळा, एकूण एकवीस मीटर. टोपली दिसायला चटईच्या दुप्पट, पण वेणी अडीचपट खाते. किंमत ठरवताना हे विसरले जाते.

शिवण आतून घ्या, दीड सेंटिमीटरवर एक टाका, मेण ओढलेल्या जाड सुती दोऱ्याने. नायलॉनचा बारीक दोरा मजबूत असतो, पण तो सोपट कापतो. वेणी फार ओढून शिवली तर चटईची वाटी होते, सैल सोडली तर कडेला झालर येते. थोडीशी वाटी झाली असेल तर ओलसर फडक्याने पुसून, वर पाट आणि पाटावर विटा ठेवून रात्रभर दाबा. झालर आली तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. चकाकी यावी म्हणून खळ लावू नका, खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. वॉर्निश लावायचेच असेल तर पूर्ण वाळलेल्या मालावर, आणि अन्नाला लागणाऱ्या वस्तूवर अजिबात नाही.

काय बनवायचे हे मात्र कुरिअरच्या खोक्यापासून मागे येत ठरवा. नवखे लोक टोपलीपासून सुरुवात करतात, कारण ती सुंदर दिसते. बहुतेक कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागायचे. वरच्या टोपलीला २८ बाय २८ बाय २३ चे खोके लागले, तर हिशोब ३.६ किलोचा होतो. टोपली उचलून पाहिली तर पिसासारखी! चार चटयांचा संच ३५ बाय ३५ बाय ५ च्या खोक्यात बसतो, सव्वा किलोचा भाव. सहा चकत्यांचा संच १२ बाय १२ बाय ८ मध्ये पाव किलोच्या आतबाहेर, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यातच जातो. पहिले सहा महिने चकत्या, चटया आणि घडी होणाऱ्या पिशव्या. टोपल्या करायच्या तर एकात एक बसणाऱ्या तिघींचा संच करा आणि संचच विका.

किमतीचा एक नमुना देतो. आकडे आपापल्या गावचे घाला. सहा चकत्यांना सहा मीटर वेणी. वेणीला दीड तास, शिवायला दोन तास, तासाला ६० रुपये धरले तर मजुरी २१०. कच्चा माल, वाहतूक, दोरा ३०. खोके आणि कागद २५. वीज, मोबाइल वगैरे १५. झाले २८०. बिघडणाऱ्या नगांचे दहा टक्के धरून ३०८. त्यावर तीस टक्के नफा, म्हणजे ४०० रुपये, टपालखर्च वेगळा. हीच वस्तू यंत्रावर केलेली कुठेतरी १५० ला दिसेल. त्या भावाच्या मागे लागू नका. लागलात तर पहिला बळी तुमच्या मजुरीचा जातो, आणि घरच्या बाईच्या कष्टाला शून्य धरण्याची सवय आपल्याकडे आधीच आहे. दुकानदाराला घाऊक द्यायचे असेल तर तो ३० ते ५० टक्के सूट मागेल. म्हणून ४०० ही किंमत थेट गिऱ्हाइकापुरती आहे हे पहिल्यापासून लक्षात ठेवा.

फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, पांढऱ्या किंवा मातकट भिंतीपुढे. ट्यूबलाइटखाली बदामी रंग हिरवट दिसतो आणि मग ‘रंग वेगळा आला’ म्हणून वस्तू परत येते. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक जवळून वेणीचा, एक मागच्या बाजूचा, आणि एक हातात किंवा पेल्यासह, म्हणजे आकार कळतो. वर्णनात व्यास सेंटिमीटर आणि इंच दोन्हीत, वजन ग्रॅममध्ये, आणि स्पष्ट शब्दांत: पाण्याने धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, प्रत्येक नगाचा रंग थोडा वेगळा असेल. मराठीसोबत इंग्रजीतही लिहा, कारण गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचे तसे बेंगळुरूचेही असते.

वेबसाइटवर आधी पैसे घालू नका. इन्स्टाग्रामचे खाते, व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय एवढ्यावर पहिली पन्नास-साठ पार्सले सहज जातात. ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सोय सुरुवातीला देऊ नका. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे तुमच्या माथी, आणि ४०० च्या वस्तूत ते पेलत नाही. पार्सल भरताना त्यात ओल शोषणारी छोटी पुडी टाका, वस्तू कागदात गुंडाळा आणि प्लॅस्टिक असलेच तर खोक्याच्या बाहेरून.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, पहिली. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे; तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटी पैसे मागतात, तिथे भरू नका. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तालयाचे कारागीर ओळखपत्र, म्हणजे ‘पहचान’ कार्ड, प्रदर्शनांसाठी कामी येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपली, चटई आणि झाडू करणारेही आहेत. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिले कर्ज एक लाखापर्यंत मिळते. जीएसटीचे थोडे नाजूक आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण मोठ्या ऑनलाइन बाजारांवरून राज्याबाहेर विकायचे तर जीएसटी क्रमांक लागतोच. अधिसूचित हस्तकला वस्तू स्वतः थेट परराज्यात पाठवणाऱ्यांना सवलत आहे, तिला अटी आहेत, आणि त्यात किंमत कितीही असो ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागते. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे पहिले परराज्याचे पार्सल निघण्याआधी सीएकडून लिहून घ्या.

दिवाळीच्या तोंडावर एखाद्या कंपनीची ‘दोनशे संच हवेत, पंधरा दिवसांत’ अशी मागणी येते आणि हुरळून होकार दिला जातो. दोनशे संच म्हणजे वरच्या हिशोबाने सातशे तास. पाच जणींनी रोज सहा तास काम केले तरी तेवीस-चोवीस दिवस. कोठीत बाराशे मीटर वेणी तयार असेल तर त्यातले तीनशे तास वाचतात आणि काम चौदा दिवसांवर येते, तरीही सुट्टीला जागा उरत नाही. म्हणून आधी कोठी उघडून मीटर मोजा, मग तारीख द्या. नमुन्याचा एक संच पैसे घेऊन पाठवा, त्याचा रंग लेखी मंजूर करून घ्या, आणि निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय सुईत दोरा ओवू नका.