नागपुरात बसून नोकरी शोधताय? ऑनलाइन प्रोफाइलच्या या चुका टाळा

"लिंक्डइन आहे, नोकरी डॉट कॉमवर पण टाकलं आहे, तरी कोणी कॉलच नाही करून राहिलं." हिंगण्यापासून कळमन्यापर्यंत हे वाक्य कानावर पडतं. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा वाटत असतं, की कुठली तरी जुनी फेसबुक पोस्ट किंवा वरातीतल्या नाचाचा व्हिडिओ आड येतोय. तसं क्वचितच असतं. प्रोफाइलं बघताना मला सारखं दिसतं ते वेगळंच: माणूस शोधणाऱ्याला सापडतच नाही, आणि सापडला तर तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं वाटतात. एका जागी नाव वेगळं, दुसऱ्या जागी पद जुनं, तिसऱ्या जागी गाव दुसरंच. समोरच्याकडे शंभर अर्ज पडलेले असतात, तो शहानिशा करत बसत नाही.

आधी अडलंय कुठे ते बघा

लिंक्डइनवर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ॲनालिटिक्सचा भाग असतो. तुम्ही किती शोधांमध्ये दिसलात आणि किती जणांनी प्रोफाइल उघडलं, हे तिथे कळतं. नोकरी डॉट कॉमवरही असे आकडे दिसतात. शोधातच दिसत नसाल तर गडबड कौशल्यं, पद किंवा लोकेशनमध्ये आहे. शोधात दिसताय पण कोणी उघडत नाही, तर हेडलाइन (नावाखाली दिसणारी ओळ) किंवा फोटो बघा. लोक उघडून बघतात आणि निघून जातात, तर आतला मजकूर कच्चा आहे, किंवा संपर्काचा पत्ता चुकलाय. हे न बघता दर आठवड्याला रिझ्युमेचं डिझाइन बदलत बसणं म्हणजे ताप कशाचा ते न तपासता गोळ्या बदलण्यासारखं आहे.

हेडलाइन

पदवी होऊन दोन वर्षं झाली, तरी नावाखाली कॉलेजचा 'स्टुडंट' तसाच. किंवा मग 'सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज'. भरती करणारा माणूस हे शब्द टाकून शोधत नाही. तो 'जीएसटी', 'टॅली', 'सीएनसी प्रोग्रामिंग', 'क्वालिटी इन्स्पेक्शन', 'जावा' असे शब्द टाकतो. लिंक्डइन हेडलाइनला २२० अक्षरं देतं. त्यात काम, क्षेत्र आणि दोन-तीन ठोस कौशल्यं आरामात बसतात. कंपनीतलं अंतर्गत पद, म्हणजे 'असोसिएट ग्रेड टू' वगैरे, बाहेरच्याला काहीच सांगत नाही. बुटीबोरीच्या कारखान्यात मेंटेनन्स बघत असाल, तर सरळ मेंटेनन्स इंजिनिअर लिहा आणि कोणत्या मशिनवर हात बसलाय तेही लिहा.

लोकेशन पुणे, राहणं मानेवाड्यात

"नागपूर लिहिलं तर कोण विचारतं?" या भीतीपोटी कित्येक जण पुणे किंवा बंगळूर टाकतात. मग फोन येतो, उद्या सकाळी समोरासमोर मुलाखतीला या. इथून रात्रीची गाडी धरा, नाहीतर खरं सांगा. खरं सांगितलं की पहिल्याच बोलण्यात शंका तयार. दुसरं नुकसान तर लक्षातही येत नाही. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक भागात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची कार्यालयं आहेत, आणि नागपूरचे उमेदवार हवे असले की शोधाला नागपूरचंच फिल्टर लागतं. त्या यादीतून तुम्ही स्वतःच बाहेर पडता. नोकरी डॉट कॉमवर सध्याचं गाव आणि पसंतीची गावं यांचे रकाने वेगळे आहेत. पहिल्यात खरं लिहा, दुसऱ्यात हवी तेवढी शहरं टाका.

नावाचा घोळ

यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे हा घोळ फार आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा. कॉलेजच्या घाईत लिंक्डइन उघडताना पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव गेलं, ते तसंच राहिलं. चौधरीसारख्या आडनावाची तर इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगं चालतात. रिझ्युमेवर एक, मेलवर दुसरं, प्रोफाइलवर तिसरं. रिझ्युमेवरचं नाव शोधणाऱ्याला तुमचं प्रोफाइल मिळत नाही, आणि पुढे पार्श्वभूमी तपासणीत कागद जुळवताना हाच फरक पुन्हा उभा राहतो. आधार, पॅन आणि पदवी यांवरचं स्पेलिंग ताडून बघा, एक पक्कं करा आणि सगळीकडे तेच ठेवा.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंची अडचण याहून मोठी. पदवी, अनुभवाचं पत्र, गिटहबवरचं (प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवरचं) काम, सगळं माहेरच्या नावावर; प्रोफाइल सासरच्या नावावर. जुन्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने चांगल्या मनाने शिफारस करायची म्हटली, तरी त्याला तुम्ही सापडत नाही. लिंक्डइनवर पूर्वीचं नाव लिहायला वेगळा रकाना आहे, तो भरा. रिझ्युमेवरही एका ओळीत पूर्वीचं नाव द्या. व्यवसायात माहेरचंच नाव चालू ठेवायचं असेल, तर तेही अगदी योग्य आहे. फक्त दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं.

कॉलेजच्या मेलवर उघडलेलं खातं

पदवीनंतर बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांचा मेल बंद करतात. लिंक्डइन त्याच मेलवर असेल आणि पासवर्ड विसरला, तर कोड येणार तो बंद पेटीत. मग लोक नवं खातं काढतात, जुनं तसंच तरंगत राहतं, आणि शोधणाऱ्याला आधी नेमकं तेच दिसतं. अजून कॉलेजात असाल तर आजच सेटिंगमध्ये घरचा मेल जोडा आणि तो मुख्य करा. दोन खाती झाली असतील आणि दोन्हींत शिरता येत असेल, तर एकातल्या ओळखी दुसऱ्यात आणून एक बंद करण्याची सोय लिंक्डइनमध्येच आहे. जुन्यात शिरताच येत नसेल, तर ओळखपत्र दाखवून खातं परत मागता येतं.

गिटहबचंही तसंच. कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, ज्या मेलने झाल्या तो खात्याला जोडलेला नसेल, तर प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणारे हिरवे चौकोन उमटतच नाहीत. वर्षभर प्रोजेक्ट केलेला मुलगा रिकामा दिसतो. मेल जिवंत आहे तोवर तो जोडून पडताळून घ्या, जुनं कामही दिसायला लागतं. आणि कोडमध्ये एपीआयची किल्ली (दुसरी सेवा वापरण्यासाठीचा पासवर्डसारखा गुप्त कोड) राहून गेली असेल, तर नुसती फाइल काढून भागत नाही, ती इतिहासात राहते. किल्ली आधी रद्द करा.

अभ्यासिकेतली वर्षं

एमपीएससीसाठी दोन-तीन वर्षं दिलेली मुलं ती वर्षं लपवतात. कोणी आधीच्या नोकरीची तारीख पुढे ताणतं, कोणी न केलेलं 'फ्रीलान्सिंग' लिहितं. तारखा पीएफच्या नोंदीशी जुळल्या नाहीत, की हातात आलेली ऑफर जाऊ शकते. लिंक्डइनवर २०२२ पासून 'करिअर ब्रेक' दाखवण्याची सोय आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी केली, असं स्पष्ट लिहा. त्या काळात शिकवण्या घेतल्या, घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळला, तर तेही लिहा. विदर्भात अशी वर्षं घराघरात आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखं काहीच नाही, आणि खोट्या तारखेपेक्षा ती मुलाखतीत कितीतरी सोपी जातात.

फोनवर दिसणारा तुम्ही

अनोळखी नंबर ट्रूकॉलरवर बघायची सवय भरती करणाऱ्यांनाही आहे. मित्रांनी जे नाव सेव्ह केलं, तेच तिथे दिसू शकतं. ॲपमध्ये नंबर पडताळून नाव दुरुस्त करता येतं. व्हॉट्सॲपचा डीपीही एकदा बघून घ्या.

नोकरीत असताना शोधताय?

फोटोभोवतीची हिरवी 'ओपन टू वर्क' चौकट सगळ्यांना दिसते, साहेबांनाही. त्याऐवजी 'फक्त रिक्रूटर' हा पर्याय निवडा. त्यातही गुप्तता शंभर टक्के राहील असं लिंक्डइन म्हणत नाही, तेव्हा लहान कंपनीत असाल तर जपून. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवता येतं, तिथे आपल्या कंपनीचं नाव टाकायला विसरू नका.

नोकरी लागल्याच्या आनंदात गळ्यातल्या ओळखपत्रासकट सेल्फी टाकायचा मोहही आवरा. त्यावरचा क्रमांक, बारकोड जगाला दिसतो. अंबाझरीच्या आयुध निर्माणीसारख्या संरक्षण क्षेत्रातल्या ठिकाणी अप्रेंटिस असाल, तर आतला एकही फोटो नेटवर नको.

गरजेपेक्षा जास्त माहिती

लग्नाच्या बायोडाटाच्या वळणावर गेलेले रिझ्युमे अजून येतात. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, घराचा पूर्ण पत्ता, कधीकधी आधार क्रमांकसुद्धा. असा रिझ्युमे कुणाच्या तरी 'इंटरेस्टेड' पोस्टखाली टाकला, की तो कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. गाव, फोन, मेल आणि लिंक्डइनचा दुवा एवढं पुरे. जन्मतारीख आणि आधार-पॅन ऑफरनंतर कंपनीच्या अधिकृत यंत्रणेतच द्या.

हीच माहिती गोळा करून फसवणारे फोन करतात. तुमचं कॉलेज, पद, शहर सगळं बरोबर सांगतात, त्यामुळे खरं वाटतं. मग नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागतात. चांगली कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचा आहे का, आणि ती जागा कंपनीच्या करिअर पानावर आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.