निंबोळी तेलाची फवारणी: फेस नको, तवंग बघा

थंडी पडली की निंबोळी तेल थिजू लागतं. कॅन तशीच कलती केली तर वरचं पातळ तेल मापात येतं आणि घट्ट भाग बुडाशी राहतो. म्हणून कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा, विस्तवावर मुळीच नको. तेल सगळं एकसारखं पातळ झालं की मगच मोजा.

साधारण प्रमाण लिटरला 5 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 मिली. तयार औषध असेल तर लेबलवरचंच प्रमाण धरा. त्यात तेल फोडणारा, म्हणजे त्याचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळणारा घटक आधीच असतो, वेगळा साबण लागत नाही. साध्या तेलाला मात्र साबण हवाच, लिटरला 1 ग्रॅमच्या आसपास. साबण थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, त्यात तेल बारीक धारेने सोडत घोटत राहा. दुधासारखं पांढरं झालं की पाणी वाढवत टाकीत ओता. थेंब जितके बारीक, तितके ते सावकाश वर येतात. साबण त्यांच्याभोवती बसलेला असतो म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. तो कमी पडला, की तेल वर तरंगतं आणि टाकीतून मिश्रण बाहेर जाण्याची वाट तळाशी असल्याने आधी नुसतं पाणी सुटतं, शेवटी नुसतं तेल. शेवटच्या ओळी करपतात त्या अशाने.

बरेच जण फेस बघून मिश्रण जमलं म्हणतात. फेस म्हणजे हवेभोवतीचा साबण. तेल फुटलं की नाही ते त्यावरून कळत नाही. उलट तेलाचे थेंब फेसाचे बुडबुडे फोडतात, त्यामुळे तेल पडल्यावर फेस बसणारच. तो बसला म्हणून साबण वाढवला, तर पंप हवा ओढतो, नोझल फुसफुसतं आणि पानांना डाग पडतात.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साधा साबण फाटतो, पांढरा साका धरतो. अशा पाण्याला नॉन-आयोनिक स्प्रेडर (साबणासारखंच काम करणारा, पण जड पाण्यात न फाटणारा द्रव) बरा. खात्रीसाठी काचेच्या बाटलीत थोडं मिश्रण अर्धा तास ठेवा. वर पांढरट थर आला आणि हलवल्यावर मिसळला तर चालेल. पिवळं तेल सुटून कडा धरली तर ते टाकीत नको.

फवारणी ऊन उतरल्यावर करा, टाकी अधूनमधून हलवा. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. गंधक फवारलं असेल तर तेलासाठी किमान दोन आठवडे थांबा.