छाटणीआधी ट्रॅक्टरचं ऑईल आणि वॉरंटीची कागदं

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात फळछाटणी झाली की मिनी ट्रॅक्टरला सुट्टी नाही. पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटू लागतो तेव्हापासून) मणी सेट होईपर्यंत दावण्या या बुरशी रोगाच्या भीतीनं ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र, जवळजवळ रोज फिरतो, पाऊस लागला तर दिवसातून दोनदा. ऑईलचं दुखणं अंगावर काढलेलं असेल तर ते याच पन्नास-साठ दिवसांत उठतं. वॉरंटीत इंजिन फुकट होईलही, पण ट्रॅक्टर आठ दिवस शोरूमला उभा राहिला तर गेलेले घड कुणी भरून देत नाही. म्हणून छाटणीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी हाताला घ्यायची ही कामं.

सुरुवात तासांच्या मीटरपासून. ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास आणि पुढं साधारण २५० तासांनी ऑईल बदल लिहिलेला असतो. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतच बघा. मागच्या सर्व्हिसनंतर १८० तास झाले असतील आणि रोज पाच तास फवारणी धरली, तर उरलेले ७० तास चौदा दिवसांत संपतात. म्हणजे सर्व्हिस ऐन फुटीत येऊन बसते. ती छाटणीआधीच उरकून घ्या. मात्र सर्व्हिसच्या कुपनावर किती तास मागं-पुढं चालतं ते छापलेलं असतं, ते वाचूनच तारीख ठरवा. मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या आणि त्याची नोंद जॉब कार्डावर (शोरूमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) मागा. बंद मीटरवर क्लेम नाकारणं डीलरला सगळ्यात सोपं जातं.

आता ऑईल. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. बांधाकडेला चाक चढलेलं असताना घेतलेलं माप काहीच सांगत नाही. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) पुसून परत घाला आणि मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. वरच्या खुणेच्या वर भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) भरलेलं असूनही प्रेशर पडतं. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशेब गोठ्यातल्या पेंडीला चालतो, इंजिनला नाही.

छाटणीआधीचे तीन आठवडे एका वहीत तारीख, तास, पातळी आणि किती मिली ओतलं एवढंच लिहा. ओतायला मापाचं भांडं वापरा, अंदाजानं कॅन उपडा करू नका. पुढं ‘ऑईल खातंय’ म्हणून तक्रार करायची वेळ आली, तर ही वही तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त बोलते.

पातळी घटली तर बाहेरची गळती आधी बघा: ड्रेन प्लगचं वॉशर, फिल्टरची रबरी रिंग, चेंबरचं पॅकिंग, क्रँकचं ऑईल सील. बाहेर काही नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑईल जळतंय. पातळी वाढली तर जास्त घाबरा. वाढलेलं ऑईल म्हणजे चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाका. डिझेल मिसळलं असेल तर काळ्या डागाभोवती फिकट ओलसर कडं पसरतं, वासही येतो. कारण बहुधा टपकणारा इंजेक्टर किंवा फीड पंप. ऑईल दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट नाही तर लायनरची रिंग. या दोन्ही अवस्थांत ट्रॅक्टर चालवू नका, फवारणी कितीही अडली असली तरी. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगवर थर धरत नाही.

प्रेशरचा लाल दिवा बहुतेकजण विसरतात. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो लागलाच पाहिजे. सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर बल्ब उडालाय किंवा वायर निघालीय, आणि तुम्ही डोळे बांधून ट्रॅक्टर हाकताय. चालू कामात लागला तर तिथंच बंद करा. ‘एवढी ओळ संपवतो’ म्हणून पुढं नेलेल्या इंजिनचं बेअरिंग धरतं आणि क्रँकपर्यंत काम जातं. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर डीलरला नुसता सेन्सर बदलून मोकळं होऊ देऊ नका. सेन्सरच्या जागी गेज लावून, इंजिन गरम असताना, आयडलला (रेस न देता) आणि पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेरे फिरतो त्या आरपीएमला प्रेशर मोजायला सांगा. आकडा जॉब कार्डावर लिहून घ्या.

बागेत ऑईल लवकर का संपतं याची दोन कारणं आहेत, धूळ आणि उष्णता. एअर क्लीनर ऑईल-बाथचा असेल तर वाटीत गाळ किती साचलाय ते रोज बघा, धुऊन खुणेइतकंच नवं ऑईल भरा. कोरडा असेल तर एलिमेंट टायरवर आपटून साफ करू नका, कागद फाटतो. क्लीनर ते इंजिन या होजवरचे क्लिप तपासा. तिथल्या फटीतून गेलेली माती रिंग-पिस्टन खाते, आणि धुळीनं झिजलेला बोअर कंपनी वॉरंटीत धरत नाही. रेडिएटरच्या जाळीत पानं, गंधक, बोर्डोच्या फवाऱ्यातला चुना बसतो. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा, पुढून मारलं तर कचरा आत घट्ट बसतो.

ऑईल आणि फिल्टर डीलरकडूनच बदलून घ्या, निदान वॉरंटी संपेपर्यंत. ग्रेड पुस्तिकेतलाच, आपल्याकडच्या हवेला बहुतेक ठिकाणी १५डब्ल्यू-४० सांगितलेलं असतं. नुसता घट्टपणा जुळून भागत नाही, डब्यावर छापलेला एपीआयचा (ऑईलच्या प्रतीचा) दर्जाही जुळला पाहिजे. ऑईल गरम असताना काढा, म्हणजे गाळ सोबत येतो. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावा, रबर टेकल्यावर हातानं साधारण पाऊण फेरा आवळा. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फुटतो. गिअर-हायड्रॉलिकचं ऑईल वेगळं असतं; दोन्ही कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रात्रीच्या फवारणीत गडी हाताला येईल ते ओततो.

कागदांची एकच पिशवी करा: बिल, डिलिव्हरीची तारीख असलेली वॉरंटी पुस्तिका, शिक्का मारलेली कुपनं, प्रत्येक जॉब कार्डाची प्रत, ऑईल-फिल्टरची बिलं. वॉरंटी वर्षांत आणि तासांत असते, जे आधी भरेल ते. फिल्टर, बेल्ट, क्लच, होज अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा त्यात नसतात.

तक्रार निघालीच तर गावच्या फिटरला इंजिन किंवा डिझेल पंपाचं सील उघडू देऊ नका. फिटर कितीही हुशार असू दे, सील तुटलं की भांडण तिथंच संपतं. मीटरचा फोटो आणि दिव्याचा व्हिडिओ काढा, डीलरला लेखी मेसेज पाठवा, कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार क्रमांक घ्या. जॉब कार्डावर ‘इंजिन चेक करणे’ असं लिहू देऊ नका. ‘५० तासांत दीड लिटर ऑईल घटलं, निळा धूर’ असं तुमच्या वहीतलं माप लिहायला लावा. ऑईल काढायच्या आधी दोन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत नमुना घ्या, तारीख-तास लिहा, एक स्वतःकडं ठेवा. काढलेलं ऑईल कापडातून गाळून बघा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंग गेलंय. बदललेले भाग दाखवायला सांगा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी ‘तुमची चूक आहे’ स्वीकारू नका.

त्यापुढं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीला, पोटापाण्याला वापरत असाल तर ठीक. पाच-सहा ट्रॅक्टर भाड्यानं देण्याचा धंदा असेल तर ‘व्यापारी हेतू’ म्हणून समोरचा वकील अडवतो.

हे सगळं होऊनही ट्रॅक्टर बंद पडू शकतो, तेव्हा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. नुसता होकार पुरत नाही. आपला ब्लोअर त्याच्या ट्रॅक्टरला एकदा जोडून बघा, ओळीतून वळतो का तेही बघा. पीटीओ शाफ्ट लांब पडला तर वळताना तो पीटीओच्या बेअरिंगला ठोकर देतो, आखूड पडला तर नळ्या सुटतात. मापाचा शाफ्ट आजच मिळतो. छाटणी सुरू झाल्यावर दुकानात रांग असते.