समुद्रकिनारा आणि धबधबा: दोन दिवसांच्या सहलीची आखणी
उष्ण कटिबंधात पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळत असल्याने धबधब्याची वाट सकाळीच धरावी आणि किनारा संध्याकाळसाठी राखून ठेवावा. डोहात उतरल्यावर पाण्याच्या रंगाकडे लक्ष असू द्यावे. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले आणि त्यातून काटक्या, पाचोळा वाहू लागला, तर डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झाला आहे असे समजून, सामान गोळा करत न बसता तडक उंचावर जावे. फोटो नंतरही काढता येतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने शनिवारचे वेळापत्रक रविवारी वापरू नये. समुद्रात आत ओढणारा प्रवाह लागल्यास त्याच्याशी न झुंजता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे.