जुन्या पिकअपचं ऑइल प्रेशर पडतंय? आधी या चुका टाळा

गाडी गरम झाली, टोलनाक्याला थांबली, की डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. रेस दिली की जातो. दहा-बारा वर्षं माल ओढलेली बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ घेऊन लोक ही तक्रार सांगत येतात, तोपर्यंत निम्मा घोळ झालेला असतो. कुणी स्विच बदललेला असतो, कुणी पंप, कुणी दोन्ही. एक महाभाग तर दिव्याचा बल्ब काढूनच आला होता. प्रेशर मात्र कुणी मोजलेलं नसतं.

पहिली चूक तीच. दिव्याचा स्विच, म्हणजे इंजिनावर बसवलेला प्रेशरचा सेन्सर, साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास काम करतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं, आणि विझतो तेव्हा ते अर्ध्या बारच्या वर गेलंय एवढंच कळतं. ०.६ बारवर घाट चढणाऱ्या इंजिनाचा दिवाही विझलेलाच असतो. ऑइलचा स्विच काढून त्याच भोकात साधा मेकॅनिकल गेज लावायचा, बस्स. आटे जुळणारा अ‍ॅडाप्टर आधी शोधून ठेवा. बळजबरीने पिळलात तर ब्लॉकचे आटे जातील आणि भलतंच काम निघेल.

मोजायचं ते गरम इंजिनावर. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल ४० अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं १०० अंशांवर उरतं. सकाळी थंड गाडीवर काटा ४ बार दाखवतो आणि मालक खूश होऊन घरी जातो, त्या आकड्याला काही अर्थ नाही. गॅरेजात स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी ठेवून गाडी नीट तापतही नाही. मी गेजचा पाइप लांबच ठेवलाय. तो सायलेन्सर आणि टर्बोपासून लांबून केबिनमध्ये घेतो, मागे माल असेल तर मालासकट एक फेरी मारतो, मग स्लोवर, १०००, २००० आणि ३००० आरपीएमवर आकडे लिहून घेतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनाचे आकडे असतात, ते खरे. मॅन्युअल नसेल तर दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ढोबळ हिशोब धरा.

चार आकडे हातात आले की निम्मं निदान तिथेच होतं. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोवर पडतं आणि रेसवर चढतं, तर बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेलं ऑइल. थंड असो वा गरम, कुठल्याही रेसवर कमीच, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) कचऱ्याने उघडा अडकलाय का बघा, नाहीतर पंप. स्लोवर बरं आणि रेस वाढवली की उलट पडतं, गाडी बंद करून थोडा वेळ ठेवली की पुन्हा बरं, तर पंपाला ऑइल मिळत नाहीये. स्ट्रेनरची, म्हणजे पंपाच्या तोंडाच्या गाळणीची, जाळी तुंबली असणार.

आता माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक: जाड ऑइल. दिवा लागला की २०डब्ल्यू-५० टाका, वर घट्ट करणाऱ्या ट्रीटमेंटचा एक डबा ओता, दिवा गायब. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी एक पिकअप अशीच ‘बरी’ करून रस्त्यावर सोडली होती. ड्रायव्हर माझ्याकडे आला तो भलत्याच कामाला, क्लचसाठी. सहज विचारलं तर छाती फुगवून म्हणाला, “भाऊ, गाडी एक थेंब ऑइल खात नाही. उलट वाढतंय!”

वाढतंय म्हटल्यावर मी क्लच सोडला आणि डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. एवढं घट्ट करूनही काडीच्या टोकावरून थेंब पाण्यासारखा टपकन पडला. वासाला डिझेल. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला तर मधला काळा डाग जागच्या जागी आणि त्याभोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलेलं. डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं. टायमिंग केसमधून (इंजिनाच्या टायमिंग गिअरच्या पेटीतून) डिझेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. दिवा नेमकं तेच सांगत होता. जाड ऑइल टाकून त्याचं तोंड बंद केलं आणि गाडी माळशेज घाटात भरल्या मालाने चालवत राहिले. चेंबर उतरवलं तेव्हा बिग एंड बेअरिंगच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) वाट्यांवरचा थर उडून तांबं दिसत होतं. पंपाच्या सीलवर भागलं असतं, तिथे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंगला गेला. आणखी थोडं डिझेल चढलं असतं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम रेस झालं असतं आणि चावी बंद करूनही थांबलं नसतं. मालकाचा पहिला प्रश्न काय होता? “मग ते नवीन ऑइल वाया गेलं का?”

म्हणून प्रेशरची तक्रार आली की माझा हात आधी डिपस्टिककडे जातो. पातळी, वास, कागदावर थेंब. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून पुन्हा मोजणी. जाड ऑइलाने बेअरिंगमधली फट भरून येत नाही. वर सकाळी थंडीत ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं.

दुसरी आवडती चूक म्हणजे पंप बदलणं. प्रेशर पंपाचं असतं असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पंप ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीत अडल्यामुळे. ठिबकच्या नळीची भोकं मोठी झाली तर मोटर नवी बसवून शेवटच्या झाडाला पाणी पोचणार आहे का? शिवाय हे गणित सरळ नाही. फट दुप्पट झाली की त्यातून निसटणारं ऑइल आठपट होतं, त्यामुळे झीज थोडीशी दिसते आणि प्रेशर धाडकन पडतं. चेंबर उतरवलंच आहे तर बिग एंडच्या एक-दोन कॅप खोला, प्लास्टिगेजने (फटीत दाबून मोजायच्या मऊ धाग्याने) फट मोजा, क्रँकला मायक्रोमीटर लावा. ६० मिमीच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.०६ मिमीच्या आसपासची फट ठीक धरतात. लंबगोल झालेल्या क्रँकवर नुसत्या नव्या वाट्या चढवणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही.

आणि चेंबर परत बसवताना सिलिकॉन पेस्ट हात राखून लावा. नवशिकी पोरं अख्खी ट्यूब पिळतात. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, त्याचे रबरी तुकडे सुटतात आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतात. ‘नवीन पंप बसवला तरी प्रेशर नाही’ म्हणून आलेल्या एका गाडीची जाळी उपसली, तर करड्या सिलिकॉनच्या शेवया निघाल्या.

प्रेशर वाढवायला रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकायची युक्ती तर विसराच. गरम इंजिन स्लोवर असताना तो व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, तिथे वायसरचा शून्य उपयोग. थंड गाडीवर मात्र प्रेशर हवं त्यापेक्षा चढतं आणि फिल्टरचं सील फुटतं.

जुनं इंजिन डिझेल ओतून ‘धुवू’ नका. वर्षांचा गाळ एकदम सुटतो आणि जाळीवर जातो.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, दिवा लागलाच पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे आधी बघा.

स्विचची वायर काढूनही दिवा जळत राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकून अर्थ होतेय. इंजिनाला हात लावू नका.

सकाळी दिवा विझायला वेळ लागतो, दिवसभर ठीक? फिल्टर बदला. स्वस्त डुप्लिकेट फिल्टरमधून रात्रभरात ऑइल खाली उतरून जातं.

नवा पंप कोरडा बसवू नका, आत ऑइल भरून मगच लावा. फिल्टर उभा बसत असेल तर तोही भरून.

आणि चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला, तर ‘पुढचं गॅरेज पाच किलोमीटरवर आहे’ हा विचार सोडा. बाजूला घ्या, बंद करा, डिपस्टिक बघा. ऑइल कमी निघालं तर भरा आणि दिवा विझतो का पाहा. भरलेलं असूनही दिवा जात नसेल तर टो करून आणा. टोईंगचं बिल बघून कुरकुरणाऱ्यांना मी कोपऱ्यात ठेवलेला तो ग्राइंडिंगला गेलेल्या क्रँकचा हिशोब वाचायला देतो.