युद्धकाळातील गुप्तवार्ता कशी वाचावी

युद्धाच्या तोंडावर एखादे सरकार ‘आमच्याकडे खात्रीलायक गुप्तवार्ता आहे’ असे सांगते, तेव्हा पुरावा गोपनीय असतो, सांगणाऱ्याला जनमत आपल्या बाजूला वळवायचे असते आणि ऐकणाऱ्याच्या हाती तपासायला फारसे काही नसते. अशा वेळी ‘सरकार खोटे बोलते आहे का’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा आपल्या राजकीय आवडीनिवडीतूनच येते. त्याऐवजी दावा नेमका काय आहे, ते प्रत्यक्ष कोणी पाहिले किंवा ऐकले आहे आणि मूळ अहवालातली शंका जनतेपर्यंत येताना कुठे गळाली, हे शोधावे. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

सुरुवातीला दावा जसाच्या तसा एका वाक्यात लिहून घ्यावा आणि त्यात काय सांगितलेले नाही हे पाहावे. 2003 च्या इराक युद्धाआधी, 24 सप्टेंबर 2002 रोजी ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, इराकची काही रासायनिक व जैविक शस्त्रे आदेश मिळाल्यापासून 45 मिनिटांत वापरासाठी सज्ज होऊ शकतात, असे म्हटले होते. कोणती शस्त्रे, किती पल्ल्याची, याचा त्यात उल्लेख नव्हता. मूळ माहिती रणांगणावरच्या, म्हणजे आखूड पल्ल्याच्या, दारूगोळ्यासंबंधी असावी असे तज्ज्ञांचे मत होते, परंतु काही वृत्तपत्रांनी सायप्रसमधील ब्रिटिश तळच धोक्यात असल्याचे मथळे दिले. या गुप्तवार्तेची चौकशी करणाऱ्या ब्रिटनमधील बटलर समितीने 2004 मध्ये, हा दावा कशासंबंधी आहे हे न सांगता तो छापायला नको होता, असा निष्कर्ष काढला आणि त्याच वर्षी गुप्तचर खात्याने ती माहिती मागेही घेतली. ‘45 मिनिटे’ हा आकडा लक्षात राहिला आणि पल्ल्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही; म्हणून दाव्यात नेमका आकडा दिसला की तो कशाचा आकडा आहे, हे आधी विचारावे.

त्यानंतर क्रियापदे तपासावीत. ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी इराकविषयी गोपनीय अहवाल तयार केला. त्यात अनेक विधानांच्या आधी ‘आमचा अंदाज असा आहे’ असे शब्द होते. इराक मागवत असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी नसाव्यात, अशी ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांची आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाची असहमतीही नोंदवलेली होती. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीतून ‘आमचा अंदाज’ गळाला, असहमती अंधूक झाली आणि जे अनुमान होते ते वस्तुस्थितीसारखे वाचले गेले. यासाठी ‘ध’चा ‘मा’ करावा लागत नाही, दोन शब्द वगळले तरी पुरते. ‘असण्याची शक्यता आहे’, ‘असे दिसते’ आणि ‘आहे’ या तिन्हींतले अंतर बातमी वाचताना पुसू देऊ नये.

सूत्राची शहानिशा करणे अधिक अवघड असते, पण अशक्य नसते. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले, ते मुख्यतः ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताच्या सांगण्यावर उभे होते. त्याची चौकशी जर्मन यंत्रणेने केली होती आणि युद्धापूर्वी त्याला थेट प्रश्न विचारण्याची संधी अमेरिकनांना जवळजवळ मिळालीच नाही. अनेक अधिकारी एकच गोष्ट सांगत असले, तरी सगळ्यांचा झरा एकच असेल तर तो दुजोरा नव्हे.

साक्षीदार कोण आहे आणि त्याला कोणी पुढे आणले, हेही विचारावे. इराकने कुवेत ताब्यात घेतल्यावर, 10 ऑक्टोबर 1990 रोजी अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार गटापुढे ‘नायिरा’ नावाच्या मुलीने, इराकी सैनिकांनी कुवेतमधील रुग्णालयात बालकांना इनक्युबेटरमधून काढून मरायला टाकले, असे रडत सांगितले. ती कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या आहे, हे 1992 मध्ये उघड झाले. ही साक्ष ज्या प्रचारमोहिमेचा भाग होती, तिच्यामागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेनेही हा आरोप आधी उचलून धरला आणि 1991 मध्ये मागे घेतला. मात्र एक साक्ष खोटी ठरली म्हणून कुवेतमधील हत्या आणि छळ खोटे ठरत नाहीत. संशयखोर वाचक इथेच घसरतो.

खऱ्या घटनेच्या पाठीवर बसून येणाऱ्या दाव्याकडे विशेष लक्ष द्यावे. 2 ऑगस्ट 1964 रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामी नौकांनी अमेरिकी युद्धनौकेवर खरोखरच हल्ला केला होता, म्हणून 4 ऑगस्टचा दुसरा हल्लाही सहज पटला; तो झालाच नव्हता. 7 ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसमध्ये राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव मंजूर झाला, सिनेटमध्ये विरोधात फक्त 2 मते पडली, आणि पकडलेल्या गुप्त संदेशांची माहिती कशी निवडून मांडली गेली हे दाखवणारा, ते संदेश पकडणाऱ्या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेतीलच (एनएसए) इतिहासकाराचा अभ्यास 2005 मध्ये खुला झाला.

अशा उदाहरणांनी दुधाने तोंड पोळलेला माणूस पुढे ताकही फुंकून पितो. 2022 च्या सुरुवातीला रशिया युक्रेनवर आक्रमण करणार असे अमेरिका आणि ब्रिटन सांगत होते, तेव्हा इराकची आठवण काढून अनेकांनी ते उडवून लावले, आणि 24 फेब्रुवारीला आक्रमण झाले. या वेळी फरक ओळखता येण्याजोगा होता: सीमेवरच्या सैन्याची छायाचित्रे खाजगी उपग्रह कंपन्याही देत होत्या आणि दावा काही आठवड्यांत खरा किंवा खोटा ठरणार होता. तरीही त्याच सूत्रांनी कीव काही दिवसांत पडेल असा वर्तवलेला अंदाज चुकला. म्हणून सैन्य कुठे आहे, नेत्याचा हेतू काय आहे आणि लढाईचा निकाल काय लागेल, हे तीन वेगळे दावे समजून प्रत्येकाला वेगळे वजन द्यावे. पहिला उपग्रहातून दिसतो, दुसऱ्यासाठी आतला माणूस किंवा पकडलेला संवाद लागतो आणि तिसरा निव्वळ अंदाज असतो. प्रतिपक्षाच्या इन्कारालाही हीच कसोटी लावावी, कारण आक्रमणाचा बेत नाही असे मॉस्को शेवटपर्यंत सांगतच होते.

दावा ऐकल्याच्या दिवशीच तारखेसह मूळ शब्द नोंदवून ठेवावेत. इराकमध्ये साठे सापडेनात तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जानेवारी 2004 च्या भाषणात ‘शस्त्रे’ऐवजी शस्त्रांशी ‘संबंधित कार्यक्रमांच्या हालचाली’ आढळल्याचे सांगितले, आणि आधीचे वाक्य ज्याच्यासमोर लिहिलेले होते त्यालाच दावा किती आक्रसला आहे हे तिथल्या तिथे दिसू शकत होते.